कानांनी वाचलेले पुस्तक

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



'वाचनाचे महत्त्व' या विषयावर मी बोलावे, असे सेक्रेटरीसाहेबांनी कळविले होते. नोकरीच्या तेहतीस वर्षांत या विषयावर मी इतक्या वेळा बोललो आहे की ते भाषण आता माझ्यापेक्षा माझ्या विद्यार्थ्यांनाच जास्त पाठ असेल. म्हणून त्यांच्या परवानगीने मी विषय थोडा वळवून घेतला आहे. डोळ्यांनी वाचावयाच्या पुस्तकाऐवजी आज मी कानांनी ऐकावयाच्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे. त्याला आता सर्रास ऑडिओबुक म्हणतात. कोणी श्राव्य पुस्तक म्हणतात. नावाचा आग्रह मला नाही.

हा विषय मला सुचला तो आपल्याच शाळेतील दहावीच्या एका मुलीमुळे. तिच्या नानीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आहे. नानी जुन्या काळची मराठी चौथी शिकलेली आणि वाचनाची भारी हौस. अक्षरे दिसेनाशी झाली तेव्हा नातीने मोबाईलवर तिला एक मराठी कादंबरी लावून दिली. वाचणारा कसलेला नट होता. चार दिवसांनी नानीने मोबाईल परत केला आणि म्हणाली, "आवाज मधासारखा आहे गं बाय, पण गोष्ट कुठे गेली ते मला कळतच नाही." ती मुलगी माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "सर, चूक कोणाची? नानीची, वाचणाऱ्याची की पुस्तकाची?"

तेव्हा मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. खरे उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. ते आज आपणासमोर ठेवतो.

प्रथम माझ्या घरची एक गोष्ट. खाडीकाठच्या आमच्या गावातून माझे अब्बा १९७६ साली कुवेतला गेले. फोन तालुक्याच्या गावी, तोही तीन-तीन तास लागत नसे. पत्र यायला पंधरा-वीस दिवस. मग गावात एक नवी रीत आली. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. आखाती देशांत गेलेली माणसे टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट भरीत आणि गावी परतणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून ती घरी पाठवीत. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटे. ती आली की दिवेलागणीनंतर सगळे घर, आणि शेजारचीही दोन घरे, ओटीवर गोळा होत.

आमच्याकडे दोघांच्या कॅसेटी येत. एक अब्बांची, दुसरी माझ्या मामूंची. मामू मॅट्रिक झालेले, अक्षर मोत्यासारखे. ते आधी कागदावर पत्र लिहीत आणि मग ते टेपसमोर वाचीत. भाषा शुद्ध, मजकूर व्यवस्थित. पण दहा मिनिटांत अम्मा उठून चुलीकडे जाई आणि आम्ही पोरे एकमेकांना चिमटे काढू लागत असू. अब्बा जेमतेम सातवीपर्यंत शिकलेले. त्यांची कॅसेट सुरू होई ती अशी: "कोण कोण बसलेत? दार लावून घ्या, वारा येतो." मग ते एकेकाचे नाव घेत. दादीला विचारीत, "अम्मा, पाऊस कसा आहे औंदा?" आणि विचारून गप्प बसत. टेप नुसती खरखरत राही. त्या खरखरीत माझी दादी मोठ्याने उत्तर देई, "मिरगाचा चुकला रे, पण नंतर धो धो पडला." तिचे बोलणे संपते न संपते तोच कॅसेटमधून अब्बा म्हणत, "बरं झालं." पाऊस चांगला पडो वा न पडो, अब्बा "बरं झालं"च म्हणत, हे आमच्या लक्षात यायला पुष्कळ वर्षे लागली!

आणखी एक होते. अब्बा सुरुवातीलाच सांगत, "आज तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक कामाची, एक हसायची आणि एक अशी की ऐकून तुम्ही खरं मानणार नाही." ती तिसरी गोष्ट पहिल्या बाजूला कधीही संपत नसे. ऐन रंगात आली की टेप खट्‌ करून थांबे आणि कॅसेट उलटी लावण्यासाठी आम्हा भावंडांत मारामारी होई.

आता मी विचार करतो तेव्हा असे वाटते की त्या मुलीच्या प्रश्नाचे सगळे उत्तर त्या दोन कॅसेटींत होते. मामूंनी डोळ्यांसाठी लिहिलेला मजकूर कानांना दिला. अब्बांनी मुळात कानांसाठीच रचला. ऐकणाऱ्याला मोजायला त्यांनी तीनचा आकडा दिला. ओळख पटावी म्हणून प्रत्येक गोष्टीला एक खूण दिली, आणि उत्तर द्यायला मध्ये मोकळी जागा ठेवली.

डोळा आणि कान यांत मोठा फरक आहे. छापील पुस्तक वाचताना आपला डोळा एकसारखा मागे-पुढे जात असतो. 'हा सदाशिव कोण?' असे वाटले की आपण दोन पाने मागे उलटतो. कंटाळवाणे वर्णन आले की परिच्छेद गाळतो. वेग आपल्या हातात असतो. कानाला हे स्वातंत्र्य नाही. मनातल्या मनात इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे अडीचशे शब्द वाचतो. मोठ्याने वाचलेल्या पुस्तकाचा वेग साधारण दीडशेचा. म्हणजे ऐंशी हजार शब्दांची कादंबरी ऐकायला नऊ तासांच्या आसपास लागतात. हे नऊ तास आपण दुसऱ्याच्या चालीने चालायचे. मागे जायचे बटण असते हे खरे, पण भाकरी थापता थापता ते कोण दाबणार? तेव्हा ऐकणाऱ्याला जे लक्षात ठेवावे लागते, ते लक्षात राहील अशी तजवीज गोष्टीतच असावी लागते.

ही तजवीज जगात सर्वांत उत्तम कोठे केली आहे असे मला कोणी विचारले, तर मी 'अलिफ लैला'चे नाव घेईन. मराठी वाचकांना ती 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने माहीत आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हे भाषांतर १८६१ पासून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली; पुढे विष्णुशास्त्र्यांचा आणि हरि कृष्ण दामल्यांचाही त्याला हात लागला. शहरजाद रोज रात्री गोष्ट सांगते आणि पहाट झाली की अर्ध्यावर थांबते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नुसते अर्ध्यावर थांबणे ही काही मोठी करामत नव्हे. दूरदर्शनच्या मालिकाही तेच करतात. करामत आत आहे.

तिची पहिलीच गोष्ट घ्या. एक व्यापारी खजूर खाऊन बी फेकतो, ती लागून एका जिनाचा अदृश्य मुलगा मरतो, आणि जिन व्यापाऱ्याचा जीव घ्यायला येतो. त्या जागी तीन म्हातारे येतात. पहिल्याबरोबर एक हरिणी, दुसऱ्याबरोबर दोन काळे कुत्रे, तिसऱ्याबरोबर एक खेचरी. प्रत्येक म्हातारा जिनाला म्हणतो की माझी कहाणी तुला आवडली तर या माणसाच्या रक्ताचा एक तृतीयांश मला बहाल कर. झाले! आता ऐकणाऱ्याला काहीही लिहून ठेवावे लागत नाही. गोष्टी किती? तीन. कोणाच्या? हरिणीची, कुत्र्यांची, खेचरीची. आपण कोठवर आलो? दोन तृतीयांश जीव वाचला, एक राहिला. कोणी मध्येच पाणी प्यायला उठून परत आला तरी कुत्र्यांची गोष्ट चालू आहे एवढे कळले की त्याला वाट सापडते.

याच ग्रंथातील कुबड्याची गोष्ट मात्र पाहा. तेथे शहरजाद सांगते, तिच्या गोष्टीतील शिंपी सांगतो, शिंप्याच्या गोष्टीतील न्हावी सांगतो, आणि न्हाव्याच्या गोष्टीत त्याचे सहा भाऊ येतात. चार मजले खोल. छापील पानावर माझा स्वतःचा येथे गोंधळ उडाला होता. तरी गंमत अशी की न्हावी भावांना क्रमांक देऊनच बोलतो. माझा पहिला भाऊ, माझा दुसरा भाऊ, आणि प्रत्येकाचे काही ना काही व्यंग सांगतो. म्हणजे इतक्या खोलातही भिंतीला हात लावून चालता येईल अशी सोय आहे. कानांसाठी गोष्ट सोपीच असली पाहिजे, असे म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. गोष्ट कितीही गुंतागुंतीची असो, तिला धरायला मुठी हव्यात.

आपल्या मराठीत असे पुस्तक कोणते, असे विद्यार्थी विचारतील. साने गुरुजींचे 'श्यामची आई'. ते प्रसिद्ध झाले १९३५ साली. त्याला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा चाळिसाहून अधिक. आश्रमातील मित्र जमतात आणि श्याम आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. प्रत्येक रात्र एका बैठकीत ऐकून होईल एवढी. प्रत्येकीत एकच प्रसंग. रात्र संपली की गोष्ट संपली, पण आई उद्याही आहेच. गुरुजींनी यंत्रासाठी लिहिले नव्हते. त्यांच्या कानांत कोकणातील आईच्या आणि कीर्तनकारांच्या गोष्टी होत्या, एवढेच.

योगायोग असा की त्याच १९३५ साली इंग्लंडमध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तके सुरू झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक हे त्यामागचे एक मोठे कारण. प्रौढ वयात ब्रेल शिकणे अनेकांना जमत नसे. कल्पना मात्र जुनी होती. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनविला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जे उपयोग सांगितले, त्यांत अंधांसाठी बोलणारी पुस्तके होती. पण त्याच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटेच मावत. पुस्तक मावण्याइतकी मोठी आणि सावकाश फिरणारी तबकडी यायला अर्धे शतक गेले. इंग्लंडमधील त्या पहिल्या पुस्तकांत दोन कादंबऱ्या होत्या: अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आणि जोसेफ कॉनराडची 'टायफून'.

या दोन्ही मी मुद्दाम ऐकल्या. ख्रिस्तीबाईंची खुनाची गोष्ट खेड्यातला एक डॉक्टर आपल्या तोंडाने सांगतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच माणूस बोलतो आहे. तबकडीवरही एकच आवाज. त्यामुळे पुस्तक आणि आवाज एकमेकांना अगदी चपखल बसतात. कोणीतरी आपल्यालाच सांगतो आहे असे वाटते. (शेवट मी सांगणार नाही. शिक्षकाने रहस्यकथेचा शेवट फोडू नये!)

'टायफून'चे तसे नाही. आपल्या कोकणातील किती तरी घरांतील माणसे जहाजावर होती, आहेत. त्यांनी हे पुस्तक जरूर ऐकावे. चिनी समुद्रात एक जहाज वादळात सापडते. पानेच्या पाने वादळ. आणि वादळ ऐन भरात असताना एक प्रकरण संपते. पुढचे प्रकरण उघडते ते लख्ख उन्हात, जहाज बंदरात शिरताना. मधले सगळे लेखकाने गाळले आहे. छापील पुस्तकात आपल्याला कोरी जागा दिसते, नव्या प्रकरणाचा आकडा दिसतो, आणि आपण समजतो की लेखकाने मुद्दामच उडी मारली. ऐकताना? मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा डोळा लागला होता की काय अशी शंका येऊन पाच मिनिटे मागे गेलो. वाचकाने तेथे पुरेसा श्वास घेतला नव्हता. दोन प्रकरणांमध्ये चार सेकंदांची शांतता ठेवली असती तर तीच उडी केवढी भव्य वाटली असती!

येथे माझ्या लक्षात आले की आपल्या नानीचे काय झाले असावे. मी ती कादंबरी मागवून आधी डोळ्यांनी वाचली. चांगली आहे, मनापासून सांगतो. पण ती एकदा आजच्या काळात, एकदा चाळीस वर्षांपूर्वी अशी सारखी फिरते. पानावर दर वेळी तीन फुल्या आहेत. वाचणाऱ्याने त्या फुल्या वाचल्या नाहीत. वाचणार तरी कशा? दुसरे असे की संवाद नुसत्या आडव्या रेघेने सुरू होतात. 'म्हणाला' नाही, 'म्हणाली' नाही. आपल्या मराठीत क्रियापदातच बाई की पुरुष हे कळते, ही ऐकणाऱ्याला केवढी मोठी मदत आहे. 'म्हणाली' ऐकले की अर्धे काम झाले. नव्या लेखकांना हे 'म्हणाला-म्हणाली' जुनाट वाटते. डोळ्यांना ते वाटतही असेल. त्या कादंबरीत तर दोन बहिणींचे भांडण चार पाने चालते, आणि दोघीही बायका, तेव्हा नुसते 'म्हणाली' असते तरी पुरले नसते. तेथे नावच हवे.

मग नटाने आवाज बदलून दोन बहिणी वेगळ्या दाखवल्या नाहीत का? दाखवल्या. धाकटीसाठी त्याने असा काही बारीक, लाडिक आवाज काढला की भांडणाच्या प्रसंगी मला हसू फुटले. येथे मी माझे मत स्पष्ट सांगतो, नाटकवेड्या मंडळींनी रागावू नये. पुस्तक वाचणे म्हणजे एकट्याने नाटक करणे नव्हे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून कथाकथन केले. मिरासदार पात्र उभे करीत ते आवाजाच्या कसरतीने नव्हे, शब्दावर कोठे रेंगाळायचे आणि कोठे झटकन पुढे जायचे याने. शिवाय त्यांच्यासमोर माणसे होती. हशा आला की थांबता येत होते.

जुन्या दास्तानगो लोकांनाही हेच भाग्य होते. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून पुढे छापली तेव्हा तिचे सेहेचाळीस जाड खंड झाले. एवढी गोष्ट कोणी पाठ करीत नसे. समोरच्या माणसांचे चेहरे पाहून ती लांबवीत वा आवरीत. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि ही कला जवळजवळ बुडाली. शम्सुर्रहमान फारुकी यांच्या अभ्यासातून आणि महमूद फारुकी यांच्या प्रयत्नातून २००५ पासून ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली आहे. असो. सांगायचे ते हे की बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बसणाऱ्या वाचकाला यांतले काहीच दिसत नाही. त्याने ऐकणारा माणूस मनात धरावा लागतो. माझ्या अब्बांनी कुवेतच्या बराकीत बसून ओटीवरची माझी दादी मनात धरली होती. जो वाचक कोणालाच मनात धरीत नाही, त्याचा आवाज कितीही मधाळ असो, तो स्वतःलाच वाचून दाखवीत असतो.

आता एक तक्रार. ती मी कोणाचे नाव न घेता करणार आहे. काही मराठी ध्वनिपुस्तकांत मुसलमान पात्र आले रे आले की वाचणारे लोक सिनेमातली हिंदी चढवितात. पुस्तकात ते पात्र साधी मराठी बोलत असले तरी सूर तोच, 'अरे ओ भाई' छापाचा. आपल्या घरात कोणी असे बोलते का? आपल्यापैकी कोणी कोकणी बोलतो, कोणी दखनी, कोणी घाटावरची मराठी. खाला आणि फुफी यांतला फरक न कळल्यामुळे एकीचा सूर दुसरीला लागतो. यात दुष्टावा नाही, अजाणतेपणा आहे. पण ऐकणाऱ्या मुलाला वाटते की या पुस्तकात आपण पाहुणे आहोत. यावर रागावून पत्रे लिहिण्यापेक्षा मला दुसरा उपाय सुचतो: आपल्या मुलामुलींनी वाचायला बसावे.

त्यासाठी उच्चारांची तयारी हवी, हे मराठीचा शिक्षक म्हणून सांगणे मला भाग आहे. आपल्या लिपीत 'ज' एकच, उच्चार दोन. 'जग' म्हणजे दुनिया, आणि 'तू सुखाने जग' यातला 'जग'. लिहायला सारखे, बोलायला वेगळे. 'जरा' म्हणजे म्हातारपण आणि 'जरा' म्हणजे थोडेसे, हेही तसेच. पानावर खूण नाही. वाचणाऱ्याला आधीच कळले पाहिजे की पुढे कोणता 'ज' येणार आहे. म्हणजेच वाक्य पुरते समजल्याशिवाय मोठ्याने नीट वाचता येत नाही. उर्दू कानांवरून गेलेल्या मुलांना थोडेसे या अर्थाचा 'जरा' आपोआप येतो, कारण तो त्यांच्या घरचाच शब्द आहे.

पालकांपैकी काही जण मनात म्हणत असतील की मास्तर हे काय भलतेच शिकवीत आहेत. ऐकणे म्हणजे आळस, पोरांनी वाचलेच पाहिजे. मीही असेच मानीत होतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला वाचायला उभे केले की अक्षरे त्याच्यासमोर नाचत. 'बदक' चे 'बकद' करी. मी त्याला 'ढ' ठरविले, बाकावर उभे केले, दोनदा हातावर छडीही मारली. एकदा पावसामुळे वर्गात पोरे थोडी होती म्हणून मी एक धडा नुसता वाचून दाखविला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने तो अख्खा, माझ्या थांबण्यांसकट, सांगितला. त्याचे डोके उत्तम होते. त्याला वाट कानांची होती. डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हता. तो मुलगा नववीत शाळा सोडून गेला. आज मोबाईलवर जी पुस्तके मिळतात ती तेव्हा असती, किंवा मला थोडी अक्कल असती, तर तो गेला नसता. हे मी पंचवीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते.

तेव्हा घरात अशी अडचण असलेले मूल असेल तर पुस्तक त्याच्या पुढ्यात उघडे ठेवा आणि तेच पुस्तक कानांवर पडू द्या. बोट ओळीवरून फिरू द्या. सुरुवातीला वीस मिनिटांच्या वर ऐकवू नका. वेग वाढवायचे बटण तरुण मुलांना फार आवडते, पण दीडपट वेगाने गोष्ट ऐकणे म्हणजे बिर्याणी उभ्याने खाणे. पोट भरते, चव लागत नाही.

पुस्तके कोठून आणायची? मराठी ध्वनिपुस्तके आता पुष्कळ झाली आहेत. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ साली भारतात आली तेव्हापासून तर खूपच. पण वर्गणी भरणे सगळ्यांना परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लिखाण सर्वांसाठी मोकळे होते. साने गुरुजी १९५० साली गेले; त्यांची पुस्तके २०११ पासून मोकळी आहेत. कोणीही ती वाचून मुद्रित करावीत. मोबाईल आहे, आवाज आहे, गोधडी अंगावर घेतली की खोलीतला घुमारा कमी होतो. यापेक्षा जास्त सामग्री लागत नाही.

त्या दहावीच्या मुलीने गेल्या महिन्यात हेच केले. 'श्यामची आई'ची पहिली रात्र तिने मोबाईलवर भरली आणि नानीला लावून दिली. नानीने ऐकून तीन चुका काढल्या. एके ठिकाणी फार घाई, एके ठिकाणी श्वास ऐकू येतो, आणि एके ठिकाणी, तिच्याच शब्दांत, "तू रडायला लागलीस, रडायचं काम माझं आहे." मुलीने ती रात्र पुन्हा भरली. आतापर्यंत अकरा रात्री भरून झाल्या आहेत आणि नानी बारावीची वाट पाहत आहे.

ती मुलगी आज येथे आहे, आणि नानीही पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बारावी रात्र ती मोबाईलवर न भरता आपणा सर्वांसमोर वाचणार आहे. पंधरा मिनिटे लागतील. हाती पुस्तक असेल त्यांनी ते मिटून ठेवावे. मागच्या बाजूचे दोन पंखे जरा बंद करा, आवाज होतो. ये बेटा, माईक तुझ्या उंचीला कर.